बगळ्यांचा डावा पाय

१२ जानेवारी
रंगाच्या कारखान्याचा पर्यावरण अहवाल आमच्या स्टुडिओकडे आला एकदाचा! कागद पुनर्वापराचा, शाई सोयाबीनची, पानं एकशेवीस — सगळी झाडं वाचवण्याबद्दल. मुखपृष्ठावर कारखान्यामागच्या नदीचा फोटो. मॅनेजर म्हणाले, "जरा हसरी करा हो तिला."

हसवली. फेस पुसला. सांडपाण्याचा पाइप पुसला. बगळा एकच होता, तोही मरतुकडा. त्याचे सात केले. काठावर लाल बादली घेऊन एक म्हातारा उभा होता. "हा काढा, गरिबी दिसते." काढला. दोन मिनिटं लागली, सावलीला पाच. बादली ठेवली — हिरव्यात लाल बरं दिसतं.

१५ जानेवारी
कारखान्यानं हेच चित्र लेकीच्या शाळेत लावलंय. ती म्हणते, "बाबा, सगळ्या बगळ्यांचा डावाच पाय वर कसा?" दहा वर्षांची आहे. गिऱ्हाईक नाही, हे नशीब!

आणि २१ला वर्गाची सहल — त्याच काठावर. पाण्यात डुंबायला! चित्र बघून ठरवलं म्हणे.

१७ जानेवारी
नदीवर जाऊन आलो.

फेस नाही. पाइप नाही. सात बगळे, सातांचा डावा पाय वर. खडा मारला. एकही हलला नाही. पाणी काचेसारखं — बोटं बुडवली आणि किंचाळलो. फोड आलेत. वास मात्र पूर्वीचाच. वास पुसायची सोय माझ्याकडे कुठे आहे?

वॉचमनला विचारलं, "इथला पाइप?"
"कसला पाइप? सकाळी सकाळी काय साहेब!"
"आणि बादलीवाला म्हातारा?"
"कोण म्हातारा?"

बादली होती. काठोकाठ भरलेली, लख्ख उन्हात. तिला सावली नव्हती.

१८ जानेवारी
पाइप परत आणायला बसलो. मूळ फोटोच नाही! मी त्याच्यावरच सेव्ह केलंय. चोवीस वर्षं जगाला सांगतोय — आधी कॉपी काढा.

बायकोला सगळं सांगितलं. स्टुडिओत आम्ही दोघंच. बोटं पाहून ती म्हणाली, "शाळेला फोन कर."

केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्ही स्वतः बघून आलो. किती निर्मळ!"

बगळ्यांचे पाय कुणी बघितले नसावेत.

१९ जानेवारी
लेकीला म्हटलं, तू जायचं नाहीस. रडली. पण वर्गातली बाकीची एकोणचाळीस पोरं?

२० जानेवारी
नदीकाठी अहवालाचं प्रकाशन. सगळी शाळा, सगळे साहेब. मी ती बादली उचलली आणि पाहुण्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. ओरडलो, "यात एकानं तरी हात घालून दाखवा!"

कुणीही वळलं नाही. फक्त फोटोग्राफर म्हणाला, "काका, थोडं सरका. बगळे झाकले जातायत."

२० जानेवारी, संध्याकाळ
फोटो बायकोच्या मशीनवर आलाय. सोबत मॅनेजरचा निरोप — "मागचा बादलीवाला काढा."

तिनं सावलीपासून सुरुवात केली. मीच शिकवलंय तसं. मग लेकीला विचारलं, "कोण गं हा?"

"काय माहीत," म्हणून लेक पुन्हा उद्याचा टॉवेल पिशवीत कोंबायला लागली.

मी दोघींच्या मधे उभा. ओरडून झालं.