अप्पांनी बुजवलेली भोकं

४ फेब्रुवारी

ती. अप्पांना शि. सा. न.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून मला खोकला लागतो, त्यामुळे आपलं पत्रच बरं. जन्मभर होड्यांवर हातोडे हाणल्यावर कान तरी बिचारे काय करणार!

इकडे सगळं ठीक. बर्फाच्या लाद्या बंदरावर न्यायच्या आणि मासळीच्या पेट्या घेऊन यायच्या, हे जोरात चालू आहे. तुम्ही दिलेली पिकअप चार वर्षं खाऱ्या वाऱ्यात राबतेय, पण खालून बघाल तर नवी कोरी. बंदरावरच्या बाकीच्या गाड्या गंजून सोलायला लागल्यात, माझी चॅसी मात्र काळी कुळकुळीत. लोक वाकून वाकून बघतात आणि काय लावलंय म्हणून विचारतात. मी सांगते, गुपित माझ्या वडिलांना विचारा.

एकच किरकोळ तक्रार. ब्रेक मारला की कुठेतरी पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. शिवाय डावीकडचं दार हल्ली दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. हे म्हणतात, दार तुझ्यासारखंच हट्टी झालंय. पुढच्या बुधवारी मिस्त्रींना दाखवून आणते. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, आणि लोभ आहे त्याहून कमी करू नका.

तुमची,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. विषय काढलासच म्हणून सांगतो, हे तुझ्या भावाला, बाळ्यालाही मी सांगितलेलं नाही. चॅसी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब पोकळ तुळया. आणि त्या कारखान्यातल्या शहाण्यांनी त्यांना खालून चक्क भोकं ठेवली आहेत! एक नाही, दोन नाही, ओळीनं. गाडीखाली शिरलो आणि कपाळावर हात मारून घेतला. होडीला करंगळीएवढं भोक राहिलं तर माणसं बुडतात, आणि ही मंडळी खुशाल रस्त्यावरचं पाणी आत घेणार!

मग मी लाकडाच्या खुंट्या तासल्या, कापसाची वात राळेत बुडवून त्यांना गुंडाळली आणि ठोकून बसवल्या. वरून रेड ऑक्साइड, त्यावर काळ्या रंगाचे तीन हात. बोट फिरवलंस तरी भोक कुठे होतं ते कळायचं नाही. माझ्या एकाही होडीनं कधी थेंब आत घेतला नाही, तुझी गाडी काय घेणार?

डुचमळतंय ते हौद्यात साठलेलं बर्फाचं पाणी असेल. आणि जावईबापूंना म्हणावं, टोमणे मारण्यापेक्षा बिजागरीत तेल घाला.

बाळ्यानं दोन वर्षांपूर्वी घेतलेली पिकअपही मी अशीच बंद केली आहे. येत्या आठवड्यात तीत लाकूड भरून तो मला तुझ्याकडे आणतोय. तुझ्या बर्फाच्या खोलीला नवं दार करून देतो, बघ कसं होतं ते. घाट उतरून संध्याकाळपर्यंत पोचू. खिडकीजवळची जागा माझ्यासाठी ठेव आणि मनातली तर आहेच.

तुझा,
अप्पा


१४ फेब्रुवारी

ती. अप्पांना शि. सा. न.

गाडी निघणार नाही, एवढंच बाळ्यानं तुम्हाला सांगितलं असेल. कारण सांगू नकोस असं मीच त्याला फोनवर बजावलं. ते तुम्हाला मीच सांगायला हवं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

बुधवारी सकाळी तुमचं पत्र आलं, ते घेऊनच मिस्त्रींकडे गेले. ते गाडीखाली आडवे होऊन चॅसीचं कौतुक करत होते. म्हटलं, थांबा, गुपित वाचूनच दाखवते. वाचत खुंट्यांपर्यंत आले आणि मिस्त्री सरपटत बाहेर आले. चेहरा पांढराफटक. अहो अप्पा, ती भोकं पाणी बाहेर जायला असतात! हौद्यातलं बर्फाचं, मासळीचं खारं पाणी वरच्या फटींतून तुळयांत उतरत राहिलं, चार वर्षं. आणि त्याला बाहेर पडायला वाटच नाही.

मिस्त्रींनी एक खुंटी उपटली. तांबडंकाळं पाणी आलं ते थांबेचना. डुचमळत होतं ते हेच, आणि कणा वाकल्यामुळेच दार लागत नव्हतं. मग त्यांनी तुळईवर हातोडी जेमतेम मारली आणि ती आत गेली. लोखंडात, अप्पा! मी किंचाळलेच. जॅक लावून गाडी जराशी उचलली तर मधूनच मोडली, माझ्या डोळ्यांदेखत. केबिन एकीकडे, हौदा एकीकडे. आदल्याच दिवशी लाद्या भरून मी बंदराचा उतार उतरले होते, आणि हे शेजारी बसून शीळ घालत होते.

मी तिथेच जमिनीवर बसले. खोटं कशाला बोलू, तुमचा राग आला. फार आला. तेवढ्यात मिस्त्रींनी मोडलेल्या तुकड्यातली एक खुंटी माझ्या हातावर ठेवली. भोवतालच्या लोखंडाचा भुगा झालेला आणि खुंटी जशीच्या तशी. मी हसले की रडले, मलाच कळलं नाही.

बाळ्याच्या गाडीत कुणीही बसू नका. हातातलं काम टाकून उत्तर लिहा.

रागावलेली, पण तुमचीच,
ठकू


१९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

बाळ्या रोज बॅटरी उतरली म्हणत होता. मी त्याला आळशी म्हटलं, आणखी नाही नाही ते बोललो, आणि तो ऐकून घेत राहिला. काल तुझं पत्र आलं. उभ्यानं वाचलं, मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. हातोडी लोखंडात गेली, हे वाक्य डोळ्यांपुढून हलत नाही. तू त्या उतारावर होतीस ठकू. तुला आणि जावयाला मीच त्यात बसवलं होतं.

चष्मा लावून बाळ्याच्या गाडीखाली शिरलो. तो नको नको म्हणत माझे पाय ओढत होता. पहिली खुंटी काढली आणि कोपरापर्यंत बाही भिजली. मग सगळ्याच काढल्या. माझ्या कानांचा भरवसा नाही, म्हणून ठोकून त्यानंच पाहिलं. एका जागी पत्रा पातळ झालाय, बाकी आवाज खणखणीत आहे म्हणतो. पातळ जागा जोडून घेईपर्यंत गाडी दारातच उभी राहील.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. माझं काम जरासं वाईट झालं असतं, एखादी खुंटी सैल बसली असती, तर पाणी पाझरून गेलं असतं आणि तुझी गाडी वाचली असती. मला वाईट काम करताच येत नाही, याचा केवढा तोरा मिरवला मी!

होडी वाळूवर ओढली की तळाचं बूच काढायचं काम तुझं असायचं, आठवतं? आतलं पाणी तुझ्या पायांवरून जायचं आणि तू नाचायचीस. एकदा विसरलीस तर लाकूड कुजेल म्हणून मी तुझा कान धरला होता. गाडी तर जन्मभर कोरड्यावरच उभी असते. एवढं माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

रविवारी बसने येतो. नवी चॅसी बसवतील तेव्हा भोकं कुठे आहेत ते तू मला दाखव. मी हात मागे बांधून बघेन. तोवर राग आत साठवून ठेवू नकोस पोरी, वाहून जाऊ दे. लोभ तेवढा धरून ठेव.

तुझा,
अप्पा