अस्मानीची शेवटची तीन प्रकरणं

उदगीर,
सोमवार, १६ मे २०१६

प्रिय साबेरा,

शुक्रवारी तुझा निकाह आहे आणि मी आज हे पत्र लिहून राहिलो, म्हणजे तुला वाटेल याचं डोकं परत फिरलं. देगलूरच्या बारातीपुढं आडवा पडीन अशी भीती असेल तर ती काढून टाक. तसलं काही करणार नाही. वाचनालयातल्या कोंडामावशी मेहंदीला येणार आहेत, त्यांच्या पिशवीतून हे तुझ्यापर्यंत येईल. पिशवीत काय म्हणून विचारलं तर वाचनालयाची पुस्तकं आहेत, असं त्या घरच्यांना सांगतील. पत्र तुझ्या कादंबरीबद्दल आहे. पुण्याच्या प्रकाशनाकडून ती नापसंत होऊन परत आली असं मी तुला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तू देगलूरच्या स्थळाला हो म्हणालीस. मी सांगितलेलं ते खरं नव्हतं. पुढचं सांगायला हात धजत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

लातूरचं होस्टेल मी पाण्यापायी सोडलं असं सगळ्यांना सांगत आलो. खरं तर टँकरच्या रांगेत एकानं मला ढकललं, मी त्याला बादलीनं हाणलं, आणि माफी लिहून दे म्हटल्यावर ट्रंक उचलून एसटीत बसलो. बीएस्सीचं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. देवणीला घरी जायला तोंड नव्हतं, म्हणून मामाच्या डीटीपी सेंटरवर टायपिंगला बसलो. दिवसभर ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ची निवेदनं बडवायची आणि संध्याकाळी वाचनालय. तिथं त्या एकाच कप्प्यावर दोघांची नजर असायची. मुखपृष्ठावर तलवार घेतलेली पोरगी, मागं पंखवाला अजगर, असली जाडजूड भाषांतरं. तिसरा भाग मी शेतीच्या पुस्तकांमागं दडवून ठेवला होता. तू कोंडामावशींना मोठ्यानं म्हणालीस, “ज्यानं तिसरा भाग दाबलाय ना मावशी, त्याला चौथा कधीच न मिळो.” मी शेजारीच उभा होतो. तुला माहीत होतं.

ती पुस्तकं वाचून तू एकदा म्हणालीस, की या राण्या लढतात, प्रेमात पडतात, सगळं करतात, पण यांच्याकडं पाणी भरतं कोण? एकीच्या तरी डोक्यावर घागर दाखव. मी हसलो. तू हसली नाहीस. दोन महिन्यांनी दोनशे पानी वह्या घेऊन आलीस, एक नाही, तीन. विहिरी खणणाऱ्याची पोरगी अस्मानी, तिला दगडाखालचं पाणी ऐकू येतं. किल्ल्यातल्या सुलतानानं सगळे झरे कुलपात घातलेत. आणि तिच्यासोबत निघालेला तो तरणा सरदार घोड्यावर नाही, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या देवणी बैलावर बसून येतो. मी विचारलं, बैलावर का? तू म्हणालीस, “दुष्काळात घोड्याला दाणा कोण घालणार?” साबेरा, मला तेवढं उत्तर पुरलं नाही. मी देवणीचा. तो सरदार तापट, मीही तापट. मी ठरवूनच टाकलं की तो मीच आहे. तुला एकदाही विचारलं नाही.

तुझ्या अब्बांनी, जलीलचाचांनी, तुला शब्द दिला होता. पुस्तक पुण्यानं घेतलं तर नांदेडला एम.ए.ला पाठवतो, नाही घेतलं तर देगलूरवाल्यांना हो म्हणायचं. चाचा बाइंडिंग करता करता म्हणाले होते, “मैं लोगां के किताबां की जिल्द बांधता रहा बेटी, तेरी किताब आई तो देखेंगे.” त्यांना वाटत नव्हतं, पण ते शब्दाचे पक्के. आणि तू टायपिंगसाठी त्या तीन वह्या माझ्या हातात दिल्यास, कारण उदगिरात तुझ्या ओळखीचा टायपिस्ट मी एकच होतो.

दुपारी मामा जेवायला गेले की मी टाइप करायचो. आधी वाचून काढत नव्हतो. जसं टाइप करीन तसं पुढं कळत जायचं, त्यातच मजा होती. सतराव्या प्रकरणाच्या शेवटी अस्मानी नदीच्या कोरड्या पात्रात बैल थांबवते आणि सरदाराला म्हणते, “इथून पुढं तू येऊ नको. तुझ्या पावलांच्या आवाजात मला पाणी ऐकू येत नाही.” एवढं टाइप केलं आणि माझं डोकं गेलं. काय केलं होतं त्यानं? सतरा प्रकरणं तो तिच्यासाठी मार खात होता. मी तिसरी वही मिटली आणि पुढची तीन प्रकरणं मीच लिहिली. दोन दुपारीत. अस्मानी रडत मागं फिरते, आपली विद्या सरदाराला देते, तो किल्ला फोडून पाणी सोडतो, ती त्याच्या घरात सुखानं राहते. शेवटच्या पानावर तिनं त्याच्यासाठी भाकरी थापली आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं मला ते आवडलं. तुझं नाव घातलं, पाकीट चिकटवलं आणि पाठवून दिलं. छापून आल्यावर तुला सांगू, तू चिडशील, मग हसशील, असं वाटलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच आठवड्यात पुण्याचं पत्र आलं. पत्ता सेंटरचा होता, म्हणून मीच फोडलं. त्यात लिहिलं होतं: ‘सतराव्या प्रकरणापर्यंत ही मुलगी आम्हाला जिवंत भेटते. पुढची तीन प्रकरणे दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखी वाटतात. लेखिकेने शेवट पुन्हा लिहून पंधरा मेपर्यंत पाठवल्यास किशोर वाचकांच्या पहिल्या यादीत ही कादंबरी घेण्याची आमची इच्छा आहे.’ ते पत्र मी खिशात घातलं. तुला सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार. आणि दुसरंही एक होतं, तेही लिहूनच टाकतो. तू नांदेडला गेलीस तर परत कशाला येशील, असं मनात आलं होतं. देगलूरचं एवढ्या झटकन ठरेल हे डोक्यातच आलं नाही. तू विचारायला आलीस तेव्हा मी मान खाली घालून म्हणालो, नापसंत आली. तू एवढंच विचारलंस, “काही लिहिलंय का त्यांनी?” मी नाही म्हणालो. तू ओढणी सारखी केलीस, माझ्यापुढच्या तिन्ही वह्या उचलल्यास आणि गेलीस. त्यानंतर तू सेंटरची पायरी चढली नाहीस.

काल पंधरा मे होती. रविवार. मी महिनाभर रोज उद्या सांगतो म्हणत होतो. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी पुण्याला फोन लावला, तुझा भाऊ म्हणून, आणि टाइप करताना शेवट बदलला गेला एवढं सांगितलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. यादी छपाईला गेली म्हणाल्या. पण मूळ शेवट असेल तर पाठवा, वाचायला आवडेल, वचन देत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, “पण शेवटी ती पोरगी करते तरी काय हो?” आणि मला सांगता येईना, साबेरा. मी तो वाचलाच नव्हता. तिसरी वही महिनाभर माझ्या टेबलावर पडून होती आणि मी सतराव्या प्रकरणापुढचं एक पान उलटलं नव्हतं.

तसाच जलीलचाचांकडं धावलो. वह्या मागितल्या. ते खळ ढवळत होते. म्हणाले, “वो तो बेटी नेच रद्दी में दे दी. जिल्हा समितीवाल्यां के रजिस्टरां थे ना, उसके पुठ्ठ्यां में लगा दी.” कोरा पुठ्ठा महाग, म्हणून ते जुन्या कागदांचे थर खळीनं चिकटवून पुठ्ठा करतात, हे मला माहीत होतं. त्या रजिस्टरांवर सध्या जिल्ह्याच्या मागणीसाठी अख्खं गाव सह्या करतंय. एक रजिस्टर सेंटरवर होतं. मी त्याचा पुठ्ठा बादलीत भिजवला आणि एकेक थर सोडवत बसलो. मामांनी शिव्या घातल्या. जेल पेनची शाई, सगळी निळी लापशी झाली. एका तुकड्यावर ‘अस्मानीनं’ एवढंच वाचता आलं. पुढं तिनं काय केलं, ते गेलं.

माझं तुझ्यावर प्रेम होतं असं इथं लिहिणार होतो, पण त्या प्रेमानं काय केलं ते वर आलंच आहे. लग्न मोड असं मी म्हणत नाही, तो माणूस चांगला आहे असं सगळे सांगतात, आणि चाचांना आता काय सांगायचं ते तुझं तू बघ. पुण्याचं पत्र सोबत जोडलं आहे, म्हणजे माझ्या शब्दावर तुला राहावं लागणार नाही. तुझ्या सतरा प्रकरणांची छापील प्रतही मावशींच्या पिशवीत आहे, त्यात माझं एक अक्षर नाही. शेवटची तीन आता फक्त तुझ्या डोक्यात आहेत. देगलूरला गेल्यावर स्वयंपाक, पाहुणे, घर, त्यात ती विझत जातील, हे मला दिसतं, आणि ते माझ्यामुळं. म्हणून एवढंच मागायला हे पत्र लिहिलं: शुक्रवारच्या आत लिहून काढ. मला देऊ नको, मला वाचू देऊ नको, पत्ता त्या पत्रावर आहे, तू स्वतः पाठव. तू लिहिशील असं मला वाटत नाही. मी तुझ्या जागी असतो तर हे पत्र अर्ध्यातच फाडलं असतं.

तुझा म्हणवून घ्यायला आता तोंड नाही,
शिवमूर्ती