ओव्यांखालचं नाव

चेंबूर, १२ जानेवारी १९८६

ती. आईस, धाकूचा नमस्कार. हे सुलक्षणा वाचून दाखवत असेल. तुझ्या लेकीला सावकाश वाच म्हणावं.

मी बरा आहे. माहुलच्या तेल कारखान्यांकडून वारा आला की घसा खवखवतो, पण खोकला आता कमी आहे.

परवा मुलुंडला एका खाजगी संशोधन ग्रंथालयात गेलो होतो. आपल्या घरी टेप घेऊन आलेल्या बाई आठवतात ना? तू जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यांनी उतरवून तिथे ठेवल्यात. खाली नाव आहे, 'धाकूची आई'. तू तेवढंच सांगितलं असशील.

धाकू मीच, म्हटल्यावर तिथल्या बाईंनी लगेच तुझं नाव विचारलं. मी वनमाला सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सासरचं असेल. ओव्या तर माहेरी शिकल्या ना? तिथलं नाव काय?"

ते मला ठाऊकच नाही. मामा तर तुला बायच म्हणायचा. बाईंनी नावाची जागा मोकळी ठेवली आहे.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

आणि लग्नाआधी तुझं नाव काय होतं, ते सुलक्षणाला लिहायला सांग. तिलाही ते तेव्हाच कळेल.

तुझा,
धाकू