पाळीवरचा मासळीबाजार

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सभा. झाली नाही. गणपूर्ती नाही म्हणे. वर सभागृहात आम्ही तीन-चार नगरसेवक, सीओ साहेब म्हणजे मुख्याधिकारी, आणि मागच्या खुर्च्यांवर ढिवरांच्या बाया. त्यांच्यातलीच सुमन घेऊन आली होती सगळ्यांना. तलावाच्या पाळीवर, बांधावर, मासळी विकतात त्या, सासूच्या सासूपासून. आता नगरपंचायतीला पाळीवर बगिचा आणि फिरायचा रस्ता करायचा आहे, म्हणून मासळीबाजार हायवेपलीकडं, कचरा डेपोजवळ हलवणार. विषय क्र. सहा.

बाकीचे मेंबर खाली टपरीवर चहा पीत उभे. खिडकीतून दिसत होते. वर कोणी येईना. तहकूब.

सुमन म्हणे, "बाई, तहकूब म्हंजे का जी? जिंकलो का हारलो?"

काय सांगू. मी घरी आली, पाय धुतले, पडून राहिली.

४ फेब्रु.

तहकूब सभा गुरुवारी. नोटीस बोर्डावर लागली आहे, दार उघडलं की झाकून जाते अशी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिघं बसले तरी विषय पास. निवडून आल्यावर हे कळायलाच मला बरेच दिवस गेले.

पाळीवर जाऊन सुमनला सांगितलं. झिंगे निवडत होती. "आणखी एक दिवस धंदा बुडवू? मले बोलू देतीन का तठी?" म्हटलं, नाही. लोकांनी नुसतं बसायचं, बोलायचं मेंबरनं.

"मंग बसून का करू? सिनेमा हाय का?"

खरं आहे.

५ फेब्रु.

नितेश आला होता. आमचा नगराध्यक्ष. लहानपणी माझ्याच अंगणवाडीत, नाक मीच पुसलं त्याचं. अजून पाया पडतो, बाई म्हणतो. चहा घेतला, यांच्या गुडघ्याचं विचारलं. मग चप्पल घालता घालता, "प्रशांतचं कंत्राट मार्चमध्ये संपते ना बाई? पाहून घेऊ आपण."

प्रशांत माझा मुलगा. न.पं.च्या पंपावर आहे, नळाचं पाणी तोच सोडतो. कंत्राटी. धमकी म्हणावी तर एक शब्द वाकडा नाही.

हे म्हणाले, "उद्या जाऊच नको तू. ताप आला म्हण." सून पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं तेवढं थांबलं.

६ फेब्रु., गुरुवार

गेली. ताप नव्हता, कुठून आणू.

मेंबर थोडेच. बाया टोपल्या खाली ठेवून आल्या, तरी वास आलाच. एका मेंबरनं नाकाला रुमाल लावला. दर रविवारी याच्या घरी सुमनकडचीच मरळ जाते.

विषय सहा आला. नितेश म्हणाला, "मंजूर, मंजूर, पुढे चला." मी उठली. म्हटलं, माझं म्हणणं आहे. आणि पुढं पाठ केलेलं सगळं गेलं. डोळ्यांपुढं प्रशांत. मागून सुमन म्हणाली, "बाई, सांगा ना, तठी कचऱ्यावर किती माश्या..." नितेश लगेच, "प्रेक्षकांनी बोलायचं नाही. नियम आहे."

मग काय झालं मला कोणास ठाऊक. खुर्ची सोडली, मागं जाऊन सुमनजवळ उभी राहिली. म्हटलं, "मेंबरनं कुठं उभं राहून बोलावं, याचा काही नियम आहे का, साहेब?" सीओ साहेबांनी नितेशकडं पाहिलं, नितेशनं त्यांच्याकडं. कोणालाच असा नियम आठवेना.

सुमन हळू बोले, तेच मी मोठ्यानं.

"पान्यापाशी मासोळी जित्ती राहाते. तठी नेली तं दुपारपावतर सडते." मी तसंच बोलली.

"मले डाव्या डोळ्यानं दिसत नाई. टोपली घेऊन हायवे कसा वलांडू?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडून मासळी घेते, वजनाकडं पाहते, तिच्या डोळ्याकडं कधी पाहिलं नाही. तिथं अडकली मी. सुमननं कोपरानं ढोसलं. "बोला ना बाई." मी बोलली.

"बगिच्यात फिरनाऱ्यायले आमचा वास येत असन, तं त्यायनं सकाळी फिरावं. आमी उन्हं वर आल्यावर बसतो."

मेंबर हसले. नितेशही हसला, मग घाईनं पाणी प्यायला.

लिहिणाऱ्या बाबूनं विचारलं, हे कोणाचं म्हणून लिहू? माझं, म्हटलं.

विषय मंजूरही नाही, नामंजूरही नाही. स्थळ पाहणी समिती. तिची अध्यक्ष मी. बाया टोपल्या उचलून निघाल्या तेव्हा बाजार उठत आला होता.

७ फेब्रु.

कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं. सगळ्या ग्रुपवर फिरून राहिलं. अंगठे, फुलं, बाई जिंदाबाद. यातला एकही सभेला बसायला येत नाही.

प्रशांत, "बाकीचे मेंबर मेले होते का? तुलेच कायले पडली?" कंबर दुखते.

१४ फेब्रु.

स्थळ पाहणी. समितीतले दोघं आले नाहीत. एकाचा फोन बंद, एक लग्नात. मी आणि न.पं.चा इंजिनिअर, दोघंच पाळीवर फिरलो. चांगला पोरगा. कागद उघडून दाखवला. बाकं आहेत, दिवे आहेत, झाडं आहेत. म्हटलं, बाया कुठं आहेत यात? "मॅडम, नकाशा नागपूरहून बनून आला. त्यांनी पाळ मोकळी धरली." तेव्हा सुमनच्या टोपलीजवळच उभे होतो आम्ही.

अहवाल लिहिला. एका कोपऱ्यात ओटे बांधून द्या, एवढंच. बाकी दोघांच्या सह्या बाकी.

१८ फेब्रु.

सह्या बाकी.

२१ फेब्रु.

प्रशांतला पंपाची किल्ली दुसऱ्याकडं द्यायला सांगितली. मार्च यायचा आहे अजून. काही दिवसांसाठीच, म्हणे. नितेशला फोन केला. "बाई, ते ठेकेदाराचं काम हाय, माहा काय संबंध?" बाई म्हणायचं सोडलं नाही पोरानं.

प्रशांत बोलत नाही. ताट घेऊन ओसरीत बसतो.

यांना म्हटलं, राजीनामा देऊन टाकते. हे म्हणाले, "दिला तं किल्ली वापस येते का?"

"येईल बहुतेक."

ती गोष्ट तशीच राहिली, नंतर कोणी काढली नाही.

२५ फेब्रु.

सीओ साहेबांची बदली. निरोपाला गेली. जाता जाता म्हणाले, तुमचा अहवाल चांगला होता मॅडम. होता.

२ मार्च, रविवार

उद्या सभा. विषयपत्रिका आली. मासळीबाजार आता तिसरा विषय. समितीच्या अहवालाचा उल्लेख नाही.

सकाळी पाळीवर गेली, बायांना सांगायला. दोघीतिघींनी आधीच मान हलवली, रोज रोज कसं जमन. सुमनही म्हणाली, "उद्या मले सानगडीले जा लागते, नातीले पाहाले पाव्हने येऊन राहिले. तुमी हाव ना तठी." आणि झिंगे बांधून दिले. नको म्हटलं तरी दिले.

तुमी हाव ना. खरं तर मलाच कोणीतरी सांगायला पाहिजे होतं की तूही नको जाऊ.

संध्याकाळी सुनेनं झिंगे केले. प्रशांत ओसरीत जेवत होता. मी पाणी ठेवायला गेली तर मान खालीच ठेवून म्हणाला, "उद्या काय बोलनार हायेस?"

इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य. म्हटलं, माहीत नाही. अजून ठरवलं नाही. बोलेन की नाही, तेही...

तो काटे वेचल्यासारखा भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "बोलशीन तं हळू बोल. त्या शूटिंगमध्ये तुह्या आवाजात सुमनबाईचं बोलनं लोकायले आयकूच नाही आलं."

ताट उचलून आत गेला. नळावर हात धुतल्याचा आवाज आला. बोल म्हणाला की बोलू नको म्हणाला, काही कळेना. मी अजून ओसरीतच बसली आहे.