डाव्या गालावरचा तीळ

प्रति,
मा. संदर्भ मंजुरी अधिकारी,
कामगार वैद्यकीय साहाय्य कक्ष,
पालघर.

विषय : कु. जागृती कमलाकांत तामोरे (वय २४, रा. शिरगाव) हिला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस पाठवण्याची मंजुरी, फोटो न पाहता जागृतीस पाहून देण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २७ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

मी बोईसर येथे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जागृती माझी धाकटी बहीण. दि. ३ फेब्रुवारी रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाइपचा जोड सुटला व कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण तिच्या चेहऱ्यावर उडाले. कॉस्टिक वरवर भाजून थांबत नाही, आत जात राहते. तिची डावी पापणी आखडली व मिटेनाशी झाली. सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया न झाल्यास डोळा सुकून दृष्टी जाईल, असे डॉक्टरांनी लिहून दिले. ते पत्र घेऊन मी आपल्या कार्यालयात आले.

१. टेबल क्र. ३ वरील लिपिकांनी चेहऱ्याचे रंगीत फोटो मागितले. मी ते मोबाईलवर काढून ठेवलेले होते व तेथेच दाखवले. "मोबाईल फायलीला टाचता येत नाही, मॅडम. प्रिंट आणा," असे ते म्हणाले. ते योग्यच होते. मी तिथूनच बोईसर स्टेशनजवळील निमेश यांच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. माझी प्रात्यक्षिके असल्याने दि. १४ फेब्रुवारी रोजी प्रिंट घेऊन ते आपल्याकडे भरण्यास माझी आई, श्रीमती नलू तामोरे, गेली. पाकीट मी पाहिले नाही. ही चूक माझी आहे.

२. दि. २७ च्या पत्रात आपण लिहिले, "फोटोचे अवलोकन केले असता चेहऱ्यावर कोणतीही इजा दिसून येत नाही. सबब नामंजूर." मी निमेश यांच्याकडे चौकशी केली. त्यांनी सांगितले की आई काउंटरवर उभी राहून म्हणाली, "दादा, जरा बरी कर तिला. सायब बगनार हाय." आमच्याकडे सरकारी कामाला जाताना माणूस धुतलेले कपडे घालून जातो. आईने मुलीचा चेहराही त्याच रीतीने पाठवला. निमेश यांच्या सांगण्यानुसार त्यांना अर्धा तास लागला. कातडी गुळगुळीत केली, रंग उजळला, आणि डावा डोळा उरलाच नसल्यासारखा दिसत असल्याने उजवी बाजू उलटवून डावीकडे बसवली. "लग्नाच्या वयाची मुलगी, ताई. फोटोत तरी चांगली दिसू दे म्हटलं," असे ते म्हणाले. जास्त पैसे घेतले नाहीत.

३. हे सिद्ध करता येते. जागृतीच्या उजव्या गालावर तीळ आहे. आपल्या फायलीतील फोटोत तो दोन्ही गालांवर, नाकापासून सारख्याच अंतरावर आहे. दि. ४ मार्च रोजी मी हे पट्टी लावून दाखवले. लिपिक म्हणाले, "तीळ काय, वयाप्रमाणे येतात." मूळ फोटोची प्रिंट मी सोबत नेली होती. ती दाखल करून घेतली नाही, कारण ती फायलीतील मुलीशी जुळत नाही.

४. दि. ११ मार्च रोजी मी जागृतीला घेऊन आले. ती अकरा ते चार बाकावर बसून होती. लिपिकांनी एकदा फोटोकडे व एकदा तिच्याकडे पाहिले आणि मला सांगितले, "मूळ अर्जदाराला आणा." जागृती म्हणाली, "मीच हाय ती." त्यावर त्यांनी मार्ग सुचवला : आधी ऑपरेशन करून घ्यावे, चेहरा फोटोसारखा झाला की यावे, मग ऑपरेशनच्या मंजुरीचे बघता येईल. ते थट्टा करत नव्हते. बाहेर आल्यावर जागृती हसली व म्हणाली, "ताई, मला कशाला मुंबईला नेतेस? त्या फोटोतलीलाच ने." हसताना तिचा ओठ फाटला.

५. डावी पापणी मिटल्यावर राहणारी फट मी प्लास्टिकच्या पट्टीने मोजत होते. १० फेब्रुवारी, ३ मिमी. २७ फेब्रुवारी, ५ मिमी. ११ मार्च, ७ मिमी. त्या दिवशी तिला त्या डोळ्याने हातभर अंतरावरची बोटे मोजता आली. १७ मार्चला सहा आठवडे पूर्ण झाले. तेव्हा हात हलतो एवढे कळत होते. २२ मार्चला मी खिडकीशी तिचा उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्यावर टॉर्च धरला व विचारले, दिवा लागला आहे का? ती म्हणाली, "लाव ना मग." तो लागलेला होता.

सबब डाव्या डोळ्यापुरती विनंती मी मागे घेत आहे. त्या फायलीवर आपला आणखी वेळ जाऊ नये.

उजवी पापणीही आता आखडू लागली आहे. काल फट २ मिमी होती. डावीकडील आकडे पाहता किती दिवस उरले आहेत, हे कोणालाही काढता येईल. या डोळ्यासाठी मंजुरी द्यावी, एवढीच विनंती आहे.

आईला नामंजुरीचे कारण मी सांगितलेले नाही. ती रोज विचारते, "सायबाला फोटो आवडला नाय का?"

या अर्जासोबत नवीन फोटो जोडलेला नाही. आपल्या दालनाचे दार आतून उघडते. जागृती समोरच्या बाकावर, दाराकडे उजवा डोळा करून बसली आहे.

आपल्या दाराबाहेर थांबलेली,
उन्नती कमलाकांत तामोरे
दि. २५ मार्च २०२५

सोबत :
१. आपले दि. २७ फेब्रुवारीचे पत्र, छायाप्रत.
२. डॉक्टरांचे मत, छायाप्रत.
३. मोजमापांचा तक्ता.
४. जागृती, मूळ.