सटवाजी, रेडिओ आणि दाजींचा उजवा हात

सोनपेठ,
१० नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप किशनराव दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, मुंजाजीचा, सप्रेम जयभीम.

इकडं आमी समदे धडधाकट हाव. तिकडं तुमची तब्येत कशी हाय ते कळवावं, अन् उजव्या हाताचं जरा खुलासेवार कळवावं. मी आत होतो तवा माझ्या जमानतीच्या कागदावर सही करायची येळ आली अन् नेमक्या त्याच हाताला मुंग्या आल्या, असं सत्यशीला अक्कानं सांगितलं होतं. पुढं त्याच उन्हाळ्यात थोरलीच्या लग्नात त्याच हातानं तुमी दीडशे पानांवर बुंदी वाढली, हेबी कानावर आलं. तवापासून जिवाला घोर हाय. (गंगाखेडच्या डॉक्टरला दाखवलं का? की सही करायच्या टायमालाच दुखतंय?)

माझं पुराण तुमाला ठाऊक हाय, पण तुमी ते गावात येगळंच सांगितलं म्हणून पुन्हा लिहायलोय. माझेच बैल, माझ्याच दाव्याचे, कोंडवाड्यात अडकले. राखणदार जागेवर न्हाई, बैल उपाशी, म्हणून मी कडी काढली अन् घरी आणले. तर चोरी लागली. चौदा महिने मी नुसता तारखेची वाट बघत आत बसलो, अन् शेवटी जजसाहेबांनी दहा मिनिटांत निर्दोष म्हणून सोडलं. तुमी मात्र लोकांना सांगितलं की मुंजाजी ऊसतोडीला गेलाय. चौदा महिने कोण ऊस तोडतंय हो दाजी? एवढा ऊस निजामाच्या टायमालाबी नव्हता.

असो. बातमी अशी की तुमचा मेव्हणा मंगळवारी रेडिओवर बोलून आला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला मी कपाशीच्या बोंडअळीबद्दल पत्र टाकलं होतं, अन् खाली जागा उरली म्हणून दोन ओळी तुरुंगाबद्दल लिहिल्या होत्या. (आत असताना मी साऱ्या बराकीचे अर्ज लिहायचो, ती खोड अजून गेली न्हाई.) बोंडअळीला उत्तर आलं न्हाई, तुरुंगाला आलं. तुरुंग भोगलेल्या माणसांनी कायद्यात काय सुधारणा पायजे यावर चर्चा करावी, असं कार्ड. अक्काच्या भावजयीनं, म्हंजी आमच्या छबूबाईनं, धोतराला एवढी नीळ घातली की मी दुरून आभाळासारखा दिसायलो होतो.

मी जायला कबूल झालो ते सटवाजीसाठी. त्याला तुमी इसरला नसाल. तुमच्या लग्नात हलगी वाजवायला होता, अन् तुमीच खूश होऊन त्याला स्वतःचा फेटा दिला होता. आता त्याची पासष्टी उलटलीय. कॅनॉलच्या कडंची सरकारी बाभळीची एक फांदी कुळवासाठी तोडली, म्हणून तीन वर्षं झाली आत बसलाय. खटला चालला असता अन् शिक्षा लागली असती तर केव्हाच सुटून आला असता, पण खटलाच चालंना. जमानत पहिल्याच महिन्यात मंजूर झालेली हाय. फकस्त सातबारावाला एक जमानतदार पायजे, अन् सटवाजीच्या भावकीत कुणाच्या नावावर कुंडीएवढीबी जमीन न्हाई. मी त्याचे अकरा अर्ज लिहिले. अकराही अर्जांना एकच जबाब, जमानतदार हजर करा.

तर परभणीला आमी तिघं जमलो. मी, दुसरा बन्सीधर (हातभट्टीत तीनदा आत जाऊन आलाय, त्याला तुरुंगातले कुत्रेबी वळखतात) अन् तिसरे पुढारी तात्याराव. हे आणीबाणीत पाच महिने आत होते अन् तवापासून साऱ्या जिल्ह्याला ते पाच महिने भोगायला लागलेत. आल्या आल्या त्यांनी आमच्यापासून चार हात लांब खुर्ची ओढली अन् रेडिओच्या साहेबांना सांगितलं की मी राजबंदी, हे दोघं गुन्हेगार, तेवढं नावापुढं सांगा.

मग आमाला आतल्या खोलीत नेलं. दाजी, त्या खोलीला खिडकी न्हाई. दार हातभर जाड, लागलं की बाहेरचा आवाज बंद. भिंतीत एक काच, काचेपल्याड एक माणूस. वर लाल दिवा पेटला अन् त्या माणसानं काचेतून आमच्याकडं बोट करून एक, दोन, तीन अशी टाळकी मोजली. बिचारा माईक किती लावायचे ते बघत असंल. पण आमी दोघं काय इचार करतोय! मी अन् बन्सीधर खुर्चीवरून उठलो, सतरंजीवर जोडीनं उकिडवं बसलो, हात गुडघ्यावर, मान खाली, अन् बन्सीधरनं खणखणीत आवाजात ‘दोन’ म्हणून सांगितलं. आत रोज चार येळा अशीच जोडीनं मोजणी व्हायची, अंगात मुरलीय. साहेब टेबलाखाली वाकून बघायले की माणसं गेली कुठं. त्यांनी हाताला धरून उठवलं, तवा त्यांचेच डोळे ओले झालते. मला लय लाज वाटली, खोटं कशाला लिहू.

पण गंमत बघा, तात्याराव खुर्चीवरच. त्यांना कळंचना की आमी खाली का बसलो. बन्सीधरनं माझ्याकडं बघितलं, मी बन्सीधरकडं. पाच महिन्यांत ज्याला एकदाबी मोजलं न्हाई, त्यो माणूस साऱ्या जिल्ह्याला तुरुंग समजावून सांगायलाय!

चर्चा पंधरा मिनिटांची. त्यातली नऊ तात्यारावांनी चहावर घालवली. आतला चहा पातळ असायचा, रविवारी पेपर यायचा न्हाई, खाटेचा एक पाय आखूड होता. सुधारणा काय पायजे इचारलं तर म्हणले, सुशिक्षित कैद्यांचा सैपाक येगळा करावा. बन्सीधरचं त्याहून न्यारं. त्यो म्हणला, तुरुंग झकास हाय, ज्वारीची भाकर येळेवर, दर गुरुवारी संध्याकाळी कर्ण्यावर रेडिओ, फकस्त सोडताना आठ दिस आधी कळवावं म्हंजी घरच्यांना लपायला येळ मिळंल. (साहेबांनी इथं तोंडाला रुमाल लावला.)

शेवटी माझी पाळी. मी कागद बाजूला ठेवला अन् सटवाजीचं सांगितलं. फांदी सांगितली, तीन वर्षं सांगितली, अकरा अर्ज सांगितले. म्हणलं, साहेब, ज्याच्याकडं जमीन त्याला जमानत अन् ज्याच्याकडं न्हाई त्यानं आत सडायचं, ही काय रीत झाली? कायदा बदलायचा तर पहिलं हे बदला, चहा मागून बघू. तर तात्याराव मधीच खो-खो हसले अन् म्हणले, अहो असल्या माणसाला जमानत राहील कोण? एक तरी इज्जतदार शेतकरी दाखवा! माझं टाळकं सणकलं. मग मी जे बोललो ते बोललो, अन् लाल दिवा इझला. तात्याराव मला त्यांच्या जीपमधी न घेताच निघून गेले. मी आलो यष्टीनं.

बाकी क्षेम. अक्काला अन् लेकरांना सांगा की मामाचा आवाज रेडिओवर जरा घोगरा येईल, पण माणूस तोच हाय.

तुमचा,
मुंजाजी

ता. क. – तुमच्या पाच एकराचा सातबारा तलाठ्याकडून काढून बुधवारी सकाळी कोर्टाच्या दारात या. सही मराठीतच चालती. हाताला मुंग्या आल्या तर अंगठ्याचीबी सोय हाय, मी चौकशी करून ठिवलीय.

आणखी ता. क. – आता सांगतोच. तात्याराव हसले तवा मी माईकवर म्हणलं, इज्जतदार शेतकरी हाय की, आमचे दाजी, गंगाखेडकडचे किशनराव, तेच राह्यलेत सटवाजीला जमानत. ‘राहणार हाईत’ म्हणलो न्हाई, ‘राह्यलेत’ म्हणलो. साहेबांनी तुमचं लय कौतुक केलं. तेबी रेडिओवर लागणार हाय. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा रेडिओ दुरुस्त हाय ना?

शेवटचं – तुमाला राग आला असंल, अन् माझ्यावर काढायचा तर खुशाल काढा. मी चौदा महिने तुमची वाट बघितली, त्याचं मी कधी बोललो न्हाई, पुढंबी बोलणार न्हाई. पण दाजी, गुरुवारी तिकडं आतबी कर्ण्यावर रेडिओ लागतो. सटवाजी ऐकंल. तुमचं नाव त्याला लगेच वळखू येईल, तुमचा फेटा त्यानं अजून उशाला ठिवलाय. त्यो वळकटी बांधून दारापाशी बसंल.