मणी पुन्हा मिसळण्याची जबाबदारी

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती नोंदवण्याची सोय राहील की नाही याची खात्री नाही. तार कापण्याची माझी बारीक कातर तांबे आणि चांदी यांखेरीज अन्य कशालाही लावू नये, अशी लेखी सूचना फ्रीजच्या दारावर गेली चार वर्षे चिकटवलेली आहे. असे असता गेल्या आठवड्यात त्या कातरीने औषधाच्या गोळ्यांचे पाकीट कापण्यात आले. कापणारी व्यक्ती माझी धर्मपत्नी आहे. गोळ्या माझ्याच होत्या, असा तिचा बचाव आहे. बचाव खरा आहे; परंतु कातरीच्या पात्याला त्याचा उपयोग नाही.

असो. मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय वृत्तपत्रासाठी घरबसल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरे लिहिणे, छंद तारेत खडे बांधून दागिने करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. (बायको शेजारी बसून वाटाणे सोलते आहे. याला दडपण म्हणत नाहीत, असे वकिलांनी स्पष्ट केले आहे.) येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, "अगदी नेहमीचं काम आहे हो." त्यांचे नेहमीचे असेल. माझी पहिलीच वेळ आहे.

हे सर्व लिखाण वस्तुतः कलम सहासाठी चालले आहे. त्यात माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची, माझ्यामागची व्यवस्था आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट तिकडे जावे. ज्यांना वाटणीची उत्सुकता असेल त्यांनी क्रमाने यावे.

कलम १. राहते घर, खोल्या तीन, आणि बँकेत जे काही असेल ते सर्व बायकोस. अट एवढीच की ताई हयात असेपर्यंत याच घरात राहील आणि बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची तिचीच राहील.

हे वाक्य बायकोने वाकून वाचले. "हे लिहायला हवं होतं?"

"कायद्याला लागतं."

"मला नाही लागत," ती म्हणाली, आणि वाटाण्याचे भांडे उचलून आत गेली. वाक्य खोडलेले नाही, पण ते अनावश्यक होते हे मी येथे मान्य करतो.

कलम २. हत्यारे. पक्कडी तीन : एक गोल तोंडाची, एक चपट्या तोंडाची आणि एक वाकड्या तोंडाची. शेवटचीला मी वक्रतुंड म्हणतो, घरातले बाकीचे "ती चोचीवाली" म्हणतात. संस्कृत शिकल्याचा या घरात एवढाच उपयोग झाला. शिवाय एक लहान हातोडी, एक पोलादी ठोकळा, एक कानस आणि वर उल्लेखिलेली अन्यायग्रस्त कातर. हे सर्व मुलीस.

यातून भिंग वगळले आहे. तळमजल्यावरच्या घड्याळजींनी मला तार कशी धरावी हे शिकवले. पहिल्या दिवशी माझा हात पाहून ते म्हणाले होते, "साहेब, तार आहे ती, मांजराचं शेपूट नाही. सोडा जरा." मी मृत्युपत्र करतो आहे हे कळताच त्यांनी भिंग मागितले. मी सांगितले की आपण साक्षीदार आहात आणि साक्षीदाराला काही देता येत नाही.

"मग मी सही करत नाही. भिंग की सही, एक काय ते ठरवा."

"सही लागणारच."

"मग भिंग आत्ता द्या. जिवंत माणसाने दिलेलं चालतं ना?"

चालते. सबब भिंग रविवारी दिले. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की डोळ्याला भिंग लावून माझा चेहरा तपासतात आणि म्हणतात, "रंग बरा आहे."

कलम ३. एक कबुलीजबाब. बायकोच्या आईचा एक मोती होता. तो मी तांब्याच्या तारेत बांधून तिला लॉकेट करून दिले. पुढे तांबे काळवंडले. काळवंडलेले तांबे व्हिनेगर आणि मीठ यांत बुडवले की उजळते, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. त्यात मोती बुडवायचा नसतो, हेही ठाऊक असते. मी लॉकेट तासभर बुडवून ठेवले आणि एका वाचकाच्या नळगळतीविषयीच्या पत्राला उत्तर लिहीत बसलो. बाहेर काढले तेव्हा तांबे सूर्यासारखे होते आणि मोती अंघोळीच्या साबणाच्या शेवटच्या चिपेसारखा. मी तसाच दिसणारा दुसरा मोती आणून बसवला आणि गेली अकरा वर्षे गप्प राहिलो. आज लेखी क्षमा मागतो.

हे मात्र मी तिला मुद्दाम वाचून दाखवले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आईच्या मोत्याला मागे खळी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून लपवत होतात. म्हटलं, एवढी मेहनत घेतायत, कशाला मोडता घाला."

बिघडलेला मोती माझ्या टेबलाच्या खणात काड्यापेटीत आहे. तो तिचाच आहे, तिला परत.

कलम ४. मेहुणे. मी पहिला हार पुरा केला त्या दिवशी भर पंगतीत त्यांनी विचारले, "दाजी, आता विणकाम कधी सुरू करताय?" या वाक्याला बारा वर्षे झाली, परंतु मुदत संपलेली नाही. सबब सतरा अकीक खड्यांचा माझा सर्वांत वजनदार हार त्यांना देत आहे. तो त्यांनी कुटुंबातील एका जेवणाला, पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत, शर्टाच्या वरून घालून बसावे. नकार दिल्यास हार त्यांच्या पत्नीस जावा. त्या बाईंनी तो तीनदा मागितला आहे. न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद करतो की गेल्या दोन महिन्यांतील माझ्या प्रत्येक तपासणीला मेहुण्यांनीच मला गाडीतून नेले, बाहेर तासन्‌तास थांबले, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. तरी हार घालावाच.

कलम ५. खडे, तारेची रिळे आणि तयार दागिने मुलीस. त्यातला चंद्रकांत मणी तिने जपावा. जुने काव्य म्हणते की चांदणे पडले की तो पाझरतो. मी खिडकीत ठेवून पाहिला. एक थेंब आला नाही. काव्यावरचा माझा विश्वास कमी झाला, मण्यावरचे प्रेम कमी झाले नाही. तिच्यासाठी केलेली माझी पहिली कर्णफुलेही तिच्याकडेच आहेत. त्यांचे वजन इतके होते की ती कॉलेजातून परतली तेव्हा दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सगळ्यांना आवडली," एवढेच ती म्हणाली आणि कानांना बर्फ लावत बसली. संस्कृतचे कोश वाचनालयास द्यावेत. ग्रंथपालांनी घ्यायला नकार दिल्यास ते दाराशी ठेवून पळून यावे.

कलम ६. ताई.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली आणि मला वाढवले. पुढे मी संस्कृत घेतो म्हणालो तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. ताई त्यांना म्हणाली, "शिकू दे त्याला. पोट भरलं नाही तर मी आहे." त्या नोकरीपायी तिने आणखी काय काय सोडले याची यादी तिने कधी केली नाही, आणि मी ती मागितली नाही.

गेली पाच वर्षे तिची आठवण उसवत चालली आहे. ती आमच्याकडे राहते, परंतु तिच्या मते ती एका दागिन्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि मी तिथला मालक आहे. रोज सकाळी नऊला केस विंचरून, पर्स घेऊन, ती आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत कामावर येते. टेबलावर थाळीत मिसळलेले मणी असतात. ती चिमट्याने ते वेचून रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे वाट्यांत लावते. समोर बसून मी पत्रे लिहितो किंवा तार वळतो. तिचा हात अजून चुकत नाही; दोन निळ्यांमधला जो फरक मला दिवसाउजेडी दिसत नाही तो तिला दिसतो.

मध्यंतरी ती म्हणाली, "मालक, शुक्रवारी रजा हवी होती."

"का हो?"

"धाकट्या भावाची परीक्षा आहे. संस्कृतचा पेपर. सोडायला जायचंय."

"हुशार आहे का भाऊ?"

"हुशार कसला! बडबड्या आहे." मग जरा थांबून, "पण होईल पास."

रजा मंजूर केली. शुक्रवारी नऊला ती कामावर हजर होती.

आता मुख्य मुद्दा. संध्याकाळी सहाला ती हातपाय धुवायला जाते. तेवढ्या वेळात मी सगळ्या वाट्या पुन्हा थाळीत ओततो आणि मणी हाताने कालवतो, म्हणजे सकाळी तिला काम असते.

दोन वर्षांपूर्वी मला आणि बायकोला एक दिवस बाहेरगावी जावे लागले आणि मुलगी राहायला आली. तिला हा प्रकार ठाऊक नव्हता. आत्याने दिवसभर इतके सुरेख काम केलेले पाहून तिने सगळे मणी काचेच्या बरण्यांत भरले, झाकणे लावली, चिठ्ठ्या डकवल्या आणि थाळी धुऊन पालथी घातली. इतक्या प्रेमाने केलेली चूक मी दुसरी पाहिलेली नाही. सकाळी ताई आली, पालथी थाळी पाहिली, थोडा वेळ बसली. मग पर्स उचलून मुलीला म्हणाली, "मालकांना सांगा, मी निघते. तोंडावर काढायचा संकोच वाटला असेल त्यांना. चांगला माणूस आहे." आणि जिना उतरू लागली. मुलगी मागे धावली, पण ताई थांबेना. खाली घड्याळजी दुकान उघडत होते. त्यांनी काही न विचारता स्क्रूंचा डबा पुढे केला. "बाई, एवढे निवडून देता का? माझी नजर आता पोचत नाही." ताई त्यांच्याकडे दुपारपर्यंत कामाला होती.

मुलगी त्या दिवशी खूप रडली. मणी का मिसळतो ते मी परतल्यावर सांगितले, तेव्हा मात्र चिडली. "बाबा, तिने दिवसभर केलेलं काम रोज मोडायचं? ही फसवणूक आहे!" मीही काहीतरी बोललो. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललेलो नाही. फोन रोज होतो. हवामानाची दोन्हीकडची माहिती अचूक आहे.

परंतु बायको शाळेतून घरी येते साडेसहाला, आणि मणी मिसळायचे असतात सहाला. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते. दुसरे कोणी नाही. म्हणून रविवारी तिला बोलावून हे कलम वाचून दाखवले. सहा वाजले. ताई हात धुवायला गेली. मुलीने उठून पहिली वाटी थाळीत ओतली.

"पूर्ण मिसळायचे?"

"पूर्ण. पण एक फिरोजा वर राहू दे. सकाळी आल्या आल्या तो दिसला की तिला बरं वाटतं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू भांडत होतीस."

"मला हे अजूनही पटलेलं नाही, बाबा," ती म्हणाली. दोन्ही हात मनगटापर्यंत मण्यांत होते.

"पटायची अट घातलेली नाही."

ती हसली आणि हिरवे ओतू लागली. येणेप्रमाणे मणी मिसळण्याची जबाबदारी मी मुलीस देतो आणि मालकपदाचे सर्व अधिकारही. ताईने रजा मागितल्यास ती कधीही नाकारू नये. भावाची चौकशी अवश्य करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ : बाहेरच्या खोलीतले टेबल, ताईच्या समोरची बाजू.
दिनांक : सतरा, मंगळवार.
सही : (मृत्युपत्र करणारा)
साक्षीदार १ : घड्याळजी, तळमजला. (मोबदला जिवंतपणी पोचला.)
साक्षीदार २ : समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनीच दिला. "दुपारपुरता," असे तोंडी म्हणाल्या. ते लिहून घेतलेले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर.

सही करण्यापूर्वी घड्याळजींनी सर्व पाने भिंगातून वाचली. पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "सगळं आलंय. पण तुमच्या जिवाला घोर कसला लागलाय, ते कुठे आहे?"

"ते मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"लिहा. मी थांबतो."

म्हणून लिहितो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, दुपारच्या वेळी, ताई काम थांबवून वर पाहते. मालकाकडे नाही, माझ्याकडे. आईने ठेवलेल्या नावाने मला हाक मारते आणि विचारते, "जेवलास का रे?" मी हो म्हणतो. ती माझे केस पांढरे झाल्याबद्दल मला बोलते. कधी विचारते, "मला बरं नाहीये का रे?" तेव्हा मी तिचा हात धरून बसतो. फार तर पाच मिनिटे. मग ती पुन्हा कामाला लागते. ही वेळ कधी येईल ते आधी कळत नाही, म्हणून मी दुपारी सहसा घर सोडत नाही.

मणी कोणीही मिसळू शकेल. या पाच मिनिटांचे काय करावे ते मला सुचलेले नाही. ती हाक मारील आणि समोर मी नसेन. मला मरणापेक्षा याची भीती वाटते.